यशवंतराव चव्हाण पत्री सरकारात होते का? लेकीच्या भाषणासाठी मदत हवीय

सांगलीवाली_आई

नमस्कार मंडळी. पोरगी आठवीत आहे, १२ मार्चला शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे आणि विषय दिलाय 'आपल्या भागातला स्वातंत्र्यसैनिक, जो लेखकही होता'. बाईंनी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या, हिला यशवंतराव चव्हाण आले. मी म्हणलं सुटलो, हे तर सगळ्यात सोपं, नेटवर पोत्यानं भाषणं असतील. आहेत पण. सगळी एकच. देवराष्ट्रे इथे जन्म, घरची गरिबी, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, जय हिंद जय महाराष्ट्र. त्यात स्वातंत्र्यसैनिक दोन ओळीत आणि लेखक अर्ध्या ओळीत उरकलाय.

खरी गंमत घरात झाली. माझं माहेर कराड, सासर वाळवा तालुका, राहतो विश्रामबागला. रविवारी माझे बाबा आलेले, जेवताना पोरीनं विचारलं की यशवंतराव पत्री सरकारात (बेचाळीसनंतर साताऱ्यात इंग्रजांना डावलून लोकांनी चालवलेलं सरकार) होते का. बाबा म्हणाले होते म्हणजे काय, बेचाळीसची भूमिगत चळवळ साताऱ्यात त्यांनीच तर उभी केली. सासरे (वय ८४) ताटावरनं हात उचलून म्हणाले पत्री सरकार नाना पाटलांचं, तुमचे साहेब तवा आत होते. मग जे सुरू झालं ते भाकरी गार होईपर्यंत. शेवटी मी दोघांना ताक वाढलं आणि विषय बदलला. पोरगी वही उघडून बसलीय आणि तिचा प्रश्न होता तिथंच आहे.

तर नक्की काय लिहायचं सांगा. आणि दुसरं, ते खरंच लेखक होते का मंत्री होते म्हणून पुस्तकं निघाली, आत्ताच्या पुढाऱ्यांची निघतात तशी? हे पोरीचं म्हणणं आहे हां, माझं नाही. भाषण सात मिनिटांचं आहे, सुरुवात जरा वेगळी हवीय.

कोयनाकाठ

ताई बाकी सगळं सोडा, आधी 'कृष्णाकाठ' मिळवा. आत्मचरित्र आहे त्यांचं, १९८४ सालचं. सांगलीत कुठल्याही वाचनालयात असणार, नसेल तर ते वाचनालय बदला. आणि जन्म देवराष्ट्रे म्हणजे आता सांगली जिल्हा, पण वाढले कराडला, त्यामुळे ते आमचेच. हे भांडण नको आत्ता.

जत_ते_जयसिंगपूर

@कोयनाकाठ भांडण तुम्हीच काढलं की राव. त्यांचा जन्म झाला तेव्हा सगळा एकच सातारा जिल्हा होता. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला आणि त्याचं सांगली जिल्हा असं नाव झालं १९६० ला, तेही यशवंतराव मुख्यमंत्री असतानाच. म्हणजे आमच्या जिल्ह्याचं बारसं त्यांच्या काळात झालंय. आता बोला.

निवृत्त_मास्तर

ताई, तीसएक वर्षं हायस्कूलला मराठी-इतिहास शिकवला आणि रिटायर झाल्यावर अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावतात, त्यामुळे आधी सुरुवातीचं सांगतो. मास्तरांनी वर्गात विचारलं मोठेपणी कोण होणार, सगळ्या पोरांनी मोठमोठी नावं घेतली आणि हा मुलगा म्हणाला मी यशवंतराव चव्हाण होणार. हा प्रसंग घेऊ नका. प्रसंग खरा आहे, त्यांनी स्वतः लिहिलाय, पण माईकवर येणारी निम्मी पोरं तिथूनच सुरू करतात आणि तेही छातीवर हात मारून. परीक्षक तेवढ्यात चहा पिऊन घेतात.

आता तुमच्या जेवणावरच्या भांडणाचं. तुमचे बाबा बोलतायत १९४२ चं आणि सासरे बोलतायत १९४३ च्या नंतरचं. साल घातलं की भांडण मिटतं.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईला गवालिया टँकवर काँग्रेसचं अधिवेशन झालं, छोडो भारतचा ठराव झाला, यशवंतराव तिथं होते. तोवर ते वकील झालेले, कराडला वकिली सुरू झालेली आणि लग्नाला दोन महिने झालेले. मुंबईहून आले ते सरळ भूमिगत. मग साताऱ्यात मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे काढायचं ठरलं, त्या आखणीत ते होते. कराडचा मोर्चा २४ ऑगस्ट, तासगावचा ३ सप्टेंबर. तासगावला लोकांनी कचेरीवर तिरंगा लावला. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि इतर मिळून नऊ माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबार, त्यात किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे गेले. दोन दिवसांत एवढी माणसं गेल्यावर उघड्या छातीनं मोर्चे काढण्यात अर्थ राहिला नाही, आणि चळवळ तारा तोडणं, टपाल लुटणं, स्टेशनं जाळणं याकडे वळली. इथपर्यंत यशवंतराव त्यात पूर्ण आहेत, आणि पुढाऱ्यांपैकी आहेत.

पण मे १९४३ मध्ये ते फलटणला पकडले गेले. पत्री सरकार म्हणून आपण जे ओळखतो, न्यायनिवाडे, तुफान सेना (त्यांचं लढाऊ दल), गांधी लग्नं, ते रूप त्याच्यानंतर आलं. तेव्हा ते तुरुंगात होते. म्हणजे पोरीनं असं म्हणावं की ज्या भूमिगत चळवळीतून पुढे प्रतिसरकार उभं राहिलं, तिच्या पहिल्या टप्प्यातले ते एक नेते होते. 'पत्री सरकारचे संस्थापक' म्हणू नये. आमच्याकडे दर वर्षी एकतरी पोरगं म्हणतं आणि मग परीक्षकांतच जुंपते.

कुपवाडचा_राजा

शेणोलीची पगाराची रेल्वे यशवंतरावांनीच लुटली ना पण? आमच्या गावात सगळे असंच सांगतात

निवृत्त_मास्तर

@कुपवाडचा_राजा शेणोली ७ जून १९४३. वर काय लिहिलंय, अटक मे १९४३. आता तुम्हीच वजाबाकी करा. ते काम तुफान सेनेचं, जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं.

वाळव्याचा_पाव्हणा

ताई तुमच्या सासऱ्यास्नी आमचा रामराम सांगा, मानूस बरोबर बोलतंय. मी मूळचा वाळव्याकडचाच, आमचा आजा तुफान सेनेत भाकरी पोचवायचा, बंदूक न्हाई हां, भाकरीच. रातचं उसातनं जायचं, कुत्री भुकू नयेत म्हनून त्येन्लाबी एक तुकडा टाकायचा. तर आमच्यात यशवंतरावांचं नाव आदरानं घेत्यात पन पत्री सरकार म्हणलं की क्रांतिसिंह नाना पाटील, मग जी. डी. बापू, मग नागनाथअण्णा, हीच नावं. नाना पाटलांनी १९३० ला तलाठ्याची नोकरी सोडली आनि बेचाळीसला जे भूमिगत झालं ते १९४६ पर्यंत सरकारच्या हाताला लागलं न्हाईत. तीन साडेतीन वर्सं. ह्या टापूत एक बी फितूर निघाला न्हाई असं मी म्हननार न्हाई, निघालं की, पन निघालं त्येन्ची पायबी निघाली.

आनि 'पत्री' चं सांगा पोरीला, पोरास्नी ते आवडतं. खरं नाव प्रतिसरकार. गद्दाराला आनि दरोडेखोराला धरून तळपायावर काठीनं हानायचं, त्यावरनं लोकांत आवई उठली की पायाला पत्रा ठोकत्यात, म्हनून पत्री सरकार. आमची आजी सांगायची तिचं लगीन गांधी लगीन झालं, हुंडा न्हाई, बँडबाजा न्हाई, हार घातलं, चहा पाजला आनि झालं. मरेपतूर म्हनायची माझं लगीन फुकटात उरकलं त्या पुढाऱ्यांनी. हौस राहिली बिचारीची.

थोडं_कडू_बोलतो

सगळे पुण्यस्मरण करतायत म्हणून मी जरा कडू बोलतो, ॲडमिननी उडवू नये. 'कृष्णाकाठ' १९४६ ला थांबतं. म्हणजे यशवंतरावांच्या आयुष्यातलं जे जे वादाचं आहे ते सगळं पुस्तकाच्या बाहेर आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी नेहरू की महाराष्ट्र असं झालं तर मी नेहरूंच्या बाजूला, असं म्हणाले होते, त्यावरून या भागात त्यांना लोकांनी काय काय ऐकवलं. १९५७ ला साताऱ्यातून नाना पाटील खासदार झाले, तेही कम्युनिस्ट पक्षाकडून, काँग्रेसला पाडून. १९७५ ला आणीबाणी लागली तेव्हा हे दिल्लीत परराष्ट्रमंत्री, आणि त्याच वर्षी कराडला साहित्य संमेलन, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव. दुर्गाबाई आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या आणि ज्यांच्या सरकारविरुद्ध बोलल्या ते यजमान म्हणून तिथंच. यावर त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला वाचायचंय, पोरांनी वर्गात काय होणार म्हणून सांगितलं ते नाही. आत्मचरित्र लिहिणाऱ्यानं सोपा भाग लिहिला आणि अवघड ठेवला असं माझं मत आहे. तुमच्या पोरीचा प्रश्न चांगला आहे, तिला सांगा.

निवृत्त_मास्तर

@थोडं_कडू_बोलतो तुमचं निम्मं पटतं. पण 'ठेवला' म्हणू नका, राहिला म्हणा. आखणी तीन भागांची होती. पहिला कृष्णेचा, मग मुंबईच्या समुद्राकाठचा, मग दिल्लीच्या यमुनेकाठचा. वेणूताई १ जून १९८३ ला गेल्या. पहिला भाग १९८४ ला आला, आणि २५ नोव्हेंबर १९८४ ला यशवंतराव स्वतः गेले. अवघड भाग लिहायला माणूसच राहिला नाही. लिहिले असते तर काय लिहिलं असतं हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही.

आणि सोपा भाग म्हणता ते तर मुळीच नाही. वडील कोर्टात बेलिफ, प्लेगनं गेले तेव्हा हे चार वर्षांचे. आई विठाबाई चार पोरं घेऊन कधी माहेरी देवराष्ट्रे, कधी कराड. सोपं काय त्यात.

थोडं_कडू_बोलतो

राहिला हे मान्य. शब्द मागे घेतो, मत नाही.

सोनहिरा_ताई

उशिरा येतेय, दोन दिवस द्राक्षबागेच्या छाटणीची धावपळ होती. मी देवराष्ट्रेच्या बाजूची, म्हणजे आता कडेगाव तालुका. लेखक होते का या प्रश्नावर कुणीच नीट बोललं नाही म्हणून लिहिते, जरा लांबेल.

मंत्री म्हणून निघालेली पुस्तकं वेगळी आणि लिहिलेली वेगळी. 'सह्याद्रीचे वारे', 'युगांतर' ही भाषणं, ती कुठल्याही मोठ्या पुढाऱ्याची निघू शकतात (यांची चांगली आहेत पण ते जाऊ दे). 'ऋणानुबंध' मात्र ललित लेख आहेत, १९७५ चे, ते हातानं लिहिलेले कळतात. त्यात आमच्या सोनहिऱ्यावर लिहिलंय. सोनहिरा म्हणजे ओढा. बाहेरच्या माणसाला दाखवला तर म्हणेल हा? पावसाळ्यात तेवढा ओढा, उन्हाळ्यात नुसते धोंडे. आता पोरांना सोनहिरा म्हटलं की साखर कारखाना आठवतो. दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र सगळं करून झालेला माणूस बसून आपल्या आजोळच्या ओढ्यावर लिहितो, ते कुणी मंत्री म्हणून लिहून देत नाही हो. त्याला ते आतून यावं लागतं. मी शाळेत असताना वाचलं आणि दुसऱ्या दिवशी ओढ्याला जाऊन बसले होते, शेळ्या मागं ठेवून, त्यावरून मार खाल्ला.

नावाची गोष्टपण आमच्याकडची आहे. आईला बाळंतपण फार जड गेलं, वाचते का नाही असं झालं, तेव्हा आजीनं सागरोबाला, म्हणजे आमच्या सागरेश्वराला साकडं घातलं की यश दे. सुटका झाली आणि नाव ठेवलं यशवंत. ते सागरेश्वराचं देऊळ अजून आहे, आता भोवती हरणांचं अभयारण्य आहे, श्रावणात आम्ही अजून जातो.

आता 'कृष्णाकाठ' बद्दल. मी ते तीनदा वाचलंय, पहिल्यांदा परीक्षेसाठी म्हणून आणि नंतर दोनदा सुखानं. मला त्यात काय आवडतं सांगू का, हा माणूस स्वतःला एकदम तयार दाखवत नाही. आधी भाऊ गणपतराव सत्यशोधक विचाराचे म्हणून त्या वाटेला, मग १९२९ ला जतींद्रनाथ दास तुरुंगात उपोषण करून गेले ते पेपरात वाचून शाळकरी पोरगा रडतो आणि तिथून वेगळंच काहीतरी सुरू होतं. मग १९३२ ला २६ जानेवारीला कराडला झेंडा लावला म्हणून १८ महिन्यांची शिक्षा, तुरुंगात समाजवाद, गांधीवाद सगळ्यांच्या तोंडून सगळं ऐकायचं, बाहेर येऊन मॅट्रिक, कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, पुण्याला कायदा, मध्येच एम. एन. रॉय यांच्या विचाराकडे ओढ, मग परत काँग्रेस. प्रत्येक वेळी हे का ते का असं चाललेलं असतं. पुस्तकाच्या शेवटच्या भागाचं नावच 'निवड' आहे. १९४६ ला निवडून येतात, पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून मुंबईला निघतात, इथं कृष्णाकाठ संपतो. कडू बोलणाऱ्या दादांना ही पळवाट वाटते. मला वाटत नाही. नदीचा काठ सुटला, काठाचं पुस्तक संपलं.

आणि ताई, पोरीला सुरुवात हवीय ना, मी एक सुचवते. १९४३ ची संक्रांत. लग्न २ जून १९४२ ला झालेलं, म्हणजे वेणूताईंची सासरची पहिली संक्रांत. आपल्याकडे पहिल्या संक्रांतीला काय असतं तुम्हाला सांगायला नको, काळी साडी, हलव्याचे दागिने, ववसा, बायका बघायला येतात. त्या ऐन संक्रांतीत पोलिसांनी वेणूताईंना धरून नेलं, का तर नवरा सापडत नव्हता. नवऱ्याबरोबर धड संसारपण झालेला नाही, बेचाळीसच्या ऑगस्टपासून तो गायबच आहे. सुटून आल्या तेव्हा तब्येत गेलेली. तेवढ्यात थोरले दीर ज्ञानोबा ऑपरेशन होऊन गेले, यशवंतराव तेव्हाही भूमिगतच. पुढे वेणूताई फलटणला माहेरी आजारी आहेत म्हणून हे लपून भेटायला गेले आणि तिथंच पकडले गेले. मास्तरांनी वर 'फलटणला पकडले गेले' एवढंच लिहिलंय, फलटणला का गेले होते ते पुरुष माणसं लिहीत नाहीत.

निवृत्त_मास्तर

@सोनहिरा_ताई कान पकडला. खरंच लिहायला हवं होतं.

वाळव्याचा_पाव्हणा

ताईनी मास्तरला घेतला 😂 पन बरोबर हाय. बायकांचं कुनी लिवलंच न्हाई. आमच्या आज्याचं नाव निघतं, भाकऱ्या थापल्या कुनी ते कुनी इचारत न्हाई. चाळीस चाळीस भाकरी, ते बी चुलीतला जाळ बाहेर दिसू न देता.

सांगलीवाली_आई

बापरे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री पोरीला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, सासरेपण हॉलमधून ऐकत होते, टीव्हीचा आवाज बंद करून, पण आपण ऐकतोय असं दाखवत नव्हते. वाळव्याच्या दादांचं आलं तेव्हा एकदम म्हणाले हा कुठला, कुणाचा, नाव विचार त्याला. मी म्हणलं इथं नाव विचारत नसतात.

'कृष्णाकाठ' मिळालं. वाचनालयातल्या काकांनी कपाटाच्या वरून काढून दिलं, फडक्यानं पुसून, म्हणाले ताई हे मार्चमध्येच बाहेर पडतं. पोरगी चाळीस पानं वाचून झोपली. सकाळी दात घासता घासता मला म्हणते, आई तुरुंगातला तो आजीचा भाग वाचलास का. आजी म्हणजे विठाबाई. मी विचारलं कुठला, तर तिनं ब्रश तोंडात ठेवूनच सांगितला. झेंड्याच्या केसमध्ये यशवंतराव कराडच्या कोठडीत आहेत, आईला घेऊन शाळेतले मास्तर भेटायला आलेत. फौजदार तिथंच. मास्तर हळूच सुचवतात की माफी मागितली तर सुटशील. मास्तरांच्या मनात वाईट नाहीये, पोरगं हुशार आहे, शिक्षण वाया जाईल एवढंच. यशवंतराव बोलायच्या आधी आईच मास्तरांवर उखडते, माफी कसली मागायची म्हणून. आणि मग मुलाला काय सांगते तर तब्येतीला जप. संपलं. निघून गेली.

मला पोरीनं विचारलं तू काय म्हणाली असतीस. मी खरं सांगितलं, मी म्हणाले असते माग माफी आणि चल घरी, डबा आणलाय. त्यावर ती हसली, पण वहीत काहीतरी लिहून ठेवलंन.

तर प्रश्न असा, संक्रांतीनं सुरू करू का कोठडीनं? ती म्हणते दोन्ही घेते आणि मुख्यमंत्री काढून टाकते.

कोयनाकाठ

मुख्यमंत्री काढून टाकते 😀 पोरगी आमच्या कराडची शोभते. मार्क कमी पडले तर इथं सांगा, परीक्षकाला बघून घेऊ.

निवृत्त_मास्तर

काढू दे. विषय 'स्वातंत्र्यसैनिक आणि लेखक' आहे, मुख्यमंत्री विषयातच नाही. एका वाक्यात १ मे १९६० येऊन गेलं तरी पुरे. कोठडीनं सुरुवात करा, कारण तिथं तिघं माणसं आहेत, आई, मास्तर, मुलगा, आणि आठवीतल्या पोरीला तीन आवाज काढता येतात. फौजदाराचा आवाज काढू देऊ नका, पोरं लगेच मिशा पिळायला लागतात. संक्रांत मध्यात येऊ दे, आवाज न चढवता, नुसती हलव्याच्या दागिन्यांची आणि रिकाम्या घराची गोष्ट सांगितल्यासारखी. रडू नको म्हणावं. रडली की वेळ जातो, सातव्या मिनिटाला घंटा वाजते.

आणि एक, विठाबाई ओव्या म्हणायच्या जात्यावर, पोरांना धीर द्यायला, ढग येतात आणि चंद्रसूर्यावरून निघून जातात अशा अर्थाची त्यांची एक आहे, ती पुस्तकात शोधायला सांगा. शेवटाला तीच घ्यावी, माझा आग्रह नाही.

थोडं_कडू_बोलतो

आणि लेखकाच्या बाजूनं एक वाक्य माझं घाला हवं तर. सत्तेतून बाहेर पडल्यावर या माणसाकडे काय उरलं तर पुस्तकं. कराडला वेणूताईंच्या स्मारकात त्यांचा ग्रंथसंग्रह आहे, जाऊन बघा. मी त्यांच्या राजकारणावर कितीही बोललो तरी तिथं कपाटांसमोर उभा राहिलो तेव्हा गप्प बसलो होतो. बराच वेळ. आत्ताच्या कुणा पुढाऱ्याच्या घरी एवढी कपाटं असली तर त्यात काय असेल ते सांगत नाही.

जत_ते_जयसिंगपूर

सांगू नका. ॲडमिन जागे आहेत.

सांगलीवाली_आई

ठरलं मग, कोठडी, संक्रांत, सोनहिरा. येत्या रविवारी देवराष्ट्रेला जायचं म्हणतोय, पोरीला ओढा बघायचाय आणि यशवंतरावांचं जन्मघर. तिथून जमलं तर कराडला विरंगुळा (त्यांचं तिथलं घर) आणि प्रीतिसंगमावरची समाधी. माझे बाबा येणार म्हणाले. हे ऐकून सासरेपण म्हणाले मीबी येतो, बघू काय दावतोस. गाडी पाच सीटर आहे, मागं दोघं दोन बाजूला आणि मध्ये पोरगी. सोनहिरा ताई, पलूसवरून यावं का ताकारीवरून? आणि मार्चमध्ये ओढ्याला पाणी असतं का?

सोनहिरा_ताई

पाणी नसणार ताई, आत्ताच सांगते म्हणजे पोरगी हिरमुसणार नाही. खडकात कुठंकुठं डबकं असतं. पलूसवरून या, किर्लोस्करवाडी, मग कुंडल, तिथून देवराष्ट्रे जवळच आहे. रस्ता बरा आहे, उसाच्या ट्रॉल्या मात्र सांभाळा, मार्चमध्ये हंगाम संपत आलेला असतो, शेवटच्या खेपा जोरात मारतात. दुपारी ऊन होतं, टोप्या घ्या. गावात आलात की कुणालाही विचारा साहेबांचं घर कुठंय.

वाळव्याचा_पाव्हणा

कुंडलवरनं जाताय? मग कुंडलला गाडी थांबवाच. तुफान सेनेचं गाव हाय ते. न्हाई थांबवली तर तुमचं सासरं देवराष्ट्रेपतूर तोंड फुगवून बसतील.

निवृत्त_मास्तर

खिडकीची बाजू सासऱ्यांना द्या. आणि कुंडल आलं की तुमच्या बाबांना म्हणावं, थोडा वेळ नुसतं ऐका.